खुर्ची येईपर्यंतचे अकरा महिने

१९ जून २०२३ रोजी सकाळी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाबाहेरच्या रॅम्पवर हाताने चाके फिरवत खुर्ची वर नेत असताना माझ्या उजव्या खांद्यातून जुने कापड फाटावे तसा आवाज आला. त्या क्षणी दुखले नाही. दुखणे रात्री सुरू झाले. पुढच्या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासणी करून खांद्याचा स्नायुबंध अर्धवट फाटल्याचे सांगितले आणि सहा आठवडे तो हात अजिबात वापरू नका असा सल्ला दिला. वयाच्या चौदाव्या महिन्यात पोलिओ झालेल्या, शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) आणि कुबड्यांवर चाललेल्या आणि त्यानंतरची दहा वर्षे चाके फिरवत नोकरी केलेल्या बाईने हात वापरायचा नाही म्हणजे करायचे तरी काय, हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

त्या दिवसापासून २१ मे २०२४ रोजी विजेवर चालणारी खुर्ची दारात उतरेपर्यंत अकरा महिने गेले. त्यांपैकी खुर्ची प्रत्यक्ष तयार होऊन येण्यास सहाच आठवडे लागले. बाकीचा सगळा काळ कागदपत्रे, मोजमापे आणि मनाची समजूत यांत गेला. पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या घरातून हे कसे घडले ते क्रमाने लिहीत आहे, म्हणजे पुढच्या माणसाचे निदान काही आठवडे वाचावेत.

मनाची समजूत हा भाग मी वगळणार होते, पण त्यालाही बराच वेळ लागला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी मी पुनर्वसनवैद्यक विषयाच्या डॉक्टरांकडे गेले. पोलिओचे विषाणू मज्जारज्जूतील काही चेतापेशी मारतात. उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून अनाथ झालेले स्नायुतंतू सांभाळू लागतात, आणि म्हणूनच मूल पुन्हा हालचाल करू लागते. तीस-चाळीस वर्षे हा जादा भार वाहिल्यावर त्या पेशीही थकतात आणि चांगले समजलेले स्नायू दुबळे होऊ लागतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. लहानपणापासून 'चालत राहा, नाहीतर बसशील' हे एकच वाक्य ऐकत मी मोठी झाले होते, आणि आता हे डॉक्टर सांगत होते की अतिश्रमानेच नुकसान होते. "तुमच्या ताकदीचा पगार ठरलेला आहे," ते म्हणाले. "तो सगळा कामावर पोहोचण्यातच उडवायचा की कामासाठी राखायचा, ते तुम्ही ठरवा." त्यांनी मोटरच्या खुर्चीची शिफारस लिहून दिली. घरी आल्यावर दादाने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाला, "इतक्यात मोटर? लोकांना वाटेल, हिने हाय खाल्ली." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "लोक काय खांदा चोळून द्यायला येतात का?" तरीही मला स्वतःला तयार व्हायला तीन आठवडे लागले.

माझ्याजवळ १९९४ साली मिळालेले अपंगत्वाचे कागदी प्रमाणपत्र होते, त्यावर ५५ टक्के असे हाताने लिहिलेले. आता केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावरून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, घ्यावे लागते. जुन्या प्रमाणपत्राच्या आधारे अर्ज करता येतो. पण तुमची अवस्था पूर्वीपेक्षा बिघडलेली असेल तर नव्याने तपासणी मागावी, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी टक्केवारीवर अवलंबून असतात. मी २ सप्टेंबर रोजी अर्ज भरला. छायाचित्राची फाईल ठरावीक आकारापेक्षा मोठी आणि सहीची अस्पष्ट असल्याने पहिल्या दोन प्रयत्नांत तो पुढे सरकलाच नाही. शेवटी भाच्याने सही पांढऱ्या कागदावर जाड शाईच्या पेनाने करायला लावून नव्याने चढवली. नोंदणी क्रमांक मिळाल्यावर तो तीन ठिकाणी लिहून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात.

वैद्यकीय मंडळाची तारीख १८ ऑक्टोबर मिळाली. सकाळी साडेआठला जाऊन दुपारी अडीच वाजता माझे नाव पुकारले गेले. सोबत पाणी, डबा आणि शक्य असेल तर एक माणूस न्यावा, कारण नाव पुकारताना आपण स्वच्छतागृहात असलो तर क्रमांक शेवटी जातो. तपासणी पंधरा मिनिटांची होती: प्रत्येक स्नायुगटाची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत लिहिली गेली. डॉक्टर म्हणाले, "जोर लावा," आणि मी सवयीने लावत गेले. मग लक्षात आले की चांगले करून दाखवण्याची ही जागा नव्हे. खोटे काही करू नये, पण दिवसाच्या शेवटी हात कसा असतो हे स्पष्ट सांगावे. मी सांगितले, आणि तेही त्यांनी लिहून घेतले. १२ डिसेंबर रोजी प्रमाणपत्र संकेतस्थळावर दिसले, त्यावर ८४ टक्के होते. निळ्या पट्टीचे कार्ड टपालाने २७ फेब्रुवारीला आले. पांढरी पट्टी ४० टक्क्यांखाली, पिवळी त्याहून वर आणि निळी ८० टक्के व त्यापुढे, अशी ती विभागणी आहे. आयकराच्या जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांना ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. ४० टक्क्यांपासून त्याखाली ती ७५,००० रुपये असते. निळ्या पट्टीचा आनंद मानावा की दुःख, हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही.

या प्रतीक्षेच्या काळात ग्रंथपालाने जे करावे तेच मी केले, म्हणजे वाचत बसले. मोटरची खुर्ची म्हणजे साध्या खुर्चीला लावलेली मोटर, अशी माझी समजूत होती, आणि सुरुवातीचे प्रयत्न खरोखर तसेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. पेनिसिलीनसारखी औषधे आल्यामुळे मणक्याला इजा झालेले सैनिक मोठ्या संख्येने जगू लागले, पण ज्यांचे हातही गेले होते त्यांना हाताने चालवायची खुर्ची निरुपयोगी होती. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील अभियंता जॉर्ज क्लाइन यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी ओटावा येथे यावर काम केले. त्यांच्या खुर्चीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर होती आणि ती जॉयस्टिकने चालत असे. १९५६ पासून अमेरिकेतल्या एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज कंपनीने अशा खुर्च्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. घडीच्या खुर्चीमुळे ही कंपनी आधीच प्रसिद्ध होती. वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ होऊन मानेखाली जवळजवळ निकामी झालेले एड रॉबर्ट्स १९६२ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले आणि पुढे स्वतंत्र जगण्याच्या चळवळीचे अग्रणी ठरले. त्यांची मोटरची खुर्ची आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पोलिओ झालेल्या माणसाने ही खुर्ची हार मानून घेतली असे त्यांच्याबद्दल कोणी म्हणाले नसते. दादाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "ते बर्कली आहे, हे सदाशिव पेठ आहे."

वाचनाचा प्रत्यक्ष उपयोग जानेवारीत दुकाने फिरताना झाला. दोन मोटरांच्या खुर्चीला स्टिअरिंग नसते. जॉयस्टिक उजवीकडे कलवली की डावी मोटर जोरात आणि उजवी हळू फिरते, आणि खुर्ची वळते. मोठी चाके मागे असतील तर ती सरळ रस्त्यावर स्थिर चालते पण वळायला जागा जास्त घेते. ती मध्यभागी असतील तर जागच्या जागी फिरते, मात्र खाचखळग्यांत पुढची आणि मागची लहान चाके टेकून मधली मोठी चाके अधांतरी राहिली तर ती अडू शकते. मी तीन दुकानांत सहा खुर्च्या चालवून पाहिल्या. गुळगुळीत फरशीवर सगळ्याच चांगल्या वाटतात. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या रस्त्यावर चालवून पाहण्याचा आग्रह धरला. एका दुकानाने नकार दिला, तेव्हा ते यादीतून गेले. घडी होणाऱ्या हलक्या खुर्च्या मोटारीच्या डिकीत जातात, पण त्यांची पुढची चाके लहान असल्याने आमच्या गल्लीतल्या गटाराच्या जाळीवर त्या अडकल्या असत्या. मला रोज घरापासून महाविद्यालयापर्यंत ९०० मीटर जायचे होते, म्हणून मी मागच्या चाकांवर चालणारी, बॅटरीसह ५८ किलो वजनाची, घडी न होणारी खुर्ची निवडली. तिच्यात १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. ज्यांना विमानप्रवास करायचा असेल त्यांनी मात्र लिथियम बॅटरीचा विचार करावा, आणि काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॅट-तासांपेक्षा मोठी नाही ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे. २४ व्होल्ट आणि १२ ॲम्पिअर-तास यांचा गुणाकार २८८ येतो, म्हणजे ती बसते.

या साऱ्या प्रक्रियेत मोजमापाला सर्वाधिक महत्त्व द्यावे असे मी म्हणेन. बैठकीची रुंदी म्हणजे बसलेल्या अवस्थेतील आपली रुंदी अधिक साधारण एक इंच. खोली म्हणजे पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंतचे अंतर वजा दोन इंच. बैठक जास्त रुंद घेतली तर माणूस एका बाजूला कलतो आणि पाठीचा कणा वाकडा होत जातो, विशेषतः आधीच वाकडा असेल तर. माझी रुंदी १५ इंच, म्हणून बैठक १६ इंचांची. पण चाकांसह खुर्चीची एकूण रुंदी २४ इंच. मग घर मोजले. माझ्या खोलीच्या दाराचे मोकळे अंतर २७ इंच होते, पण त्याला दीड इंचाचा उंबरठा होता. न्हाणीघराचे दार २२ इंच. दोन दिवस मी त्या दोन इंचांचा हिशेब करत होते. अखेर सुताराने सांगितले की चौकट काढली तर भिंतीचे काम निघेल, तेव्हा न्हाणीघरासाठी जुनी हातखुर्ची ठेवायची असे ठरले. माझ्या खोलीचा उंबरठा काढून, घासलेली फरशी बसवून, दार बाहेरच्या बाजूला उघडेल असे करण्यासाठी ११,८०० रुपये लागले. मोजताना दार पूर्ण उघडल्यावर दाराच्या जाडीने जी जागा अडते ती वजा करावी. मी पहिल्यांदा ती विसरले होते.

किमतीबद्दल स्पष्ट लिहिते. खुर्ची १,३२,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून १,३८,६००. दिव्यांगांसाठीच्या गाड्या, मोटर असो वा नसो, जीएसटीच्या ८७१३ या वर्गात येतात आणि त्यांवर ५ टक्केच कर आहे. एका दुकानाच्या दरपत्रकात १२ टक्के लावलेले होते, ते दाखवून दिल्यावर त्यांनी निमूटपणे बदलले. उशीचे ९,५०० वेगळे. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या, केंद्र सरकारच्या १९८१ पासून चालू असलेल्या एडिप योजनेत, कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीमार्फत, तीव्र दिव्यांगत्व असलेल्या सोळा वर्षांवरील व्यक्तींना मोटरची तीनचाकी किंवा खुर्ची मिळू शकते. माझ्या एका मैत्रिणीला शिबिरात मोजमाप होऊन अशी तीनचाकी मिळाली आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि माझा पगार त्या मर्यादेबाहेर असल्याने मी अर्ज केला नाही. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, तेव्हा आपल्या पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी जरूर करावी.

मी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्यासाठी ३० जानेवारी २०२४ रोजी अर्ज केला. तीन दरपत्रके, डॉक्टरांची शिफारस, प्रमाणपत्राची प्रत आणि प्राचार्यांचे पत्र असा तो गठ्ठा होता. सोळा दिवसांनी तो परत आला. कारण: 'वाहन खरेदीसाठी अर्ज असल्यास वाहनाचा प्रकार व नोंदणीबाबतचा तपशील जोडावा.' कुणीतरी 'मोटर' हा शब्द वाचून अर्ज वाहनांच्या फाईलमध्ये ठेवला होता. मी डॉक्टरांकडून नवे पत्र घेतले, त्यात 'विद्युतचलित व्हीलचेअर हे वैद्यकीय साहाय्यक उपकरण असून रुग्णाच्या उपचाराचा भाग आहे' असे एकच वाक्य होते. ते वाक्य सुरुवातीपासूनच शिफारशीत असते तर तीन आठवडे वाचले असते. तुम्ही ते आधीच लिहून घ्या. त्यानंतर निवडणुकीच्या प्रशिक्षणामुळे टेबलावरची माणसे बदलली, आणि मंजुरी ४ एप्रिलला आली. ८ एप्रिल रोजी, म्हणजे गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, मी निम्मी रक्कम भरून मागणी नोंदवली.

मधल्या काळात रॅम्प झाला. आमच्या इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, एकूण चढ १८ इंच. एकास बारा हे प्रमाण धरले तर १८ फूट लांबीचा रॅम्प लागतो आणि समोरचे अंगण ११ फुटांचे. म्हणून दोन तुकडे आणि मध्ये वळायला चौक असा काटकोनी आराखडा भाच्याने कागदावर काढला. सोसायटीच्या सभेत प्रश्न आला की दोन स्कूटर कुठे लावायच्या. सचिवांनी सुचवले की सहा फुटांचा उभा रॅम्प करू, वॉचमन ढकलेल. मी त्यांना नम्रपणे विचारले की वॉचमन रात्री नऊनंतर नसतो, तेव्हा मी नऊच्या आत घरी यायचे का. सभेत हशा झाला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की गुडघ्यांमुळे त्यांनाही पायऱ्या नकोच आहेत. त्या एका वाक्याने ठराव मंजूर झाला. वेल्डरने खडबडीत लोखंडी पत्रा आणि दोन्ही बाजूंनी कठडा लावून ३८,५०० रुपयांत काम केले. सगळे मिळून १,९८,४०० रुपये झाले.

२१ मे रोजी टेम्पो आला. खोके उघडले, बॅटऱ्या जोडल्या, आणि जॉयस्टिक उजवीकडे होती. मागणीपत्रात 'डाव्या हाताला' असे लिहिलेले होते आणि माझ्या प्रतीवर ते अधोरेखितही होते. फाटलेला खांदा उजवा. तंत्रज्ञ तरुण मुलगा होता, तो ओशाळून म्हणाला, "ताई, सगळे उजव्याच हाताने चालवतात." डाव्या बाजूचा दांडा आणि वायर यायला बारा दिवस लागले; तोवर खुर्ची हॉलमध्ये नव्या फ्रिजसारखी उभी होती आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यात बसून पाहत होता. उर्वरित रक्कम दुरुस्ती झाल्यावरच द्यावी, हे मला दादाने शिकवले होते, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

चालवायला शिकण्यास दोन आठवडे लागले. कारखान्यातून येताना वेग, उचल आणि वळण यांची मूल्ये कुणातरी सरासरी माणसासाठी लावलेली असतात. जॉयस्टिकला बोट लागले की खुर्ची हिसका देऊन भिंतीकडे जात असे. तंत्रज्ञाकडे ही मूल्ये बदलण्याचे छोटे यंत्र असते. वळण्याचा वेग निम्मा आणि सुरुवातीची उचल मंद करून घेतल्यावर मला ती खुर्ची माझी वाटू लागली. हे बहुतेक दुकाने आपणहून सांगत नाहीत.

एक चूक नोंदवणे आवश्यक आहे. या खुर्च्यांचे ब्रेक वीज बंद झाली की आपोआप लागतात, आणि ढकलून न्यायची असेल तर मोटरजवळची कळ फिरवून चाके मोकळी करावी लागतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बटण लागत नव्हते म्हणून भाच्याने मी रॅम्पवर खुर्चीत बसलेली असतानाच ती कळ फिरवली. चाके मोकळी झाली, म्हणजे ब्रेकही गेले. मी चौकापर्यंत घसरले आणि कठड्यावर आदळून थांबले. पायाला खरचटले, फूटरेस्ट वाकला. "आत्या, मला वाटलं ब्रेक वेगळा असतो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. उतारावर ती कळ कधीही हलवायची नाही, हे आता पाठीमागे लाल रंगात लिहिले आहे.

पावसाळ्यासाठी जॉयस्टिकवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधते. दिसायला बरे नाही, पण आत पाणी गेले तर दुरुस्ती महाग पडते. कंपनीने एका चार्जिंगमध्ये २० किलोमीटर लिहिले आहे, मला आमच्या रस्त्यांवर १२ मिळतात. लेड-ॲसिड बॅटरी रोज रात्री चार्ज करते, रिकामी ठेवून सुट्टीवर जात नाही. आमच्या भागातल्या पदपथाच्या तोंडाशी दुचाकी येऊ नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले आहेत, त्यांच्यामधले अंतर २२ इंच आहे; न्हाणीघराच्या दाराइतकेच. त्यामुळे मी रस्त्याच्या कडेने जाते, मागे लाल दिवा लावून. नऊशे मीटरला चौदा मिनिटे लागतात. पोहोचल्यावर हात दुखत नाहीत, आणि पहिल्या तासात मी कपाटांमधून दोन फेऱ्या मारते, ज्या गेल्या सहा वर्षांत मदतनीसाला सांगून होत होत्या.

ऑक्टोबरमध्ये भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयातून पत्र आले: रकमेच्या विनियोगाचे प्रमाणपत्र आणि खरेदी केलेल्या वस्तूचे छायाचित्र जोडावे. भाच्याने रॅम्पच्या चौकात, उन्हात, माझे खुर्चीत बसलेले चांगले छायाचित्र काढले. ते तीन आठवड्यांनी परत आले, कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा होता: 'वस्तू स्पष्ट दिसत नाही.' मी पलंगावर बसले, भाच्याने रिकाम्या खुर्चीचे छायाचित्र काढले, आणि ते मंजूर झाले.